मोकळा कोबाल्ट

माझी भाची जाई कोकरे गुवाहाटीच्या राष्ट्रीय स्पर्धेत दहा हजार मीटरची शर्यत जिंकली, तेव्हा बोरजाईच्या वाडीत गजीढोल निघाले. एरवी ते देवाच्या जत्रेलाच निघतात. माझा थोरला भाऊ महादेव, म्हणजे जाईचे आप्पा, म्हसवड-सातारा मार्गावर एसटी चालवतो. त्यानं गाडीच्या काचेवर लेकीचा फोटो डकवला आणि आगारातल्या कुणी तो काढायला सांगितलं नाही. आता आशियाई स्पर्धेचं तिकीट यायचं तेवढं बाकी होतं.

तिकिटाच्या आधी चाचणी समितीचा निरोप आला. जाईच्या लघवीच्या नमुन्यात कोबाल्टचं प्रमाण मर्यादेपेक्षा जास्त निघालं होतं. चौकशी होईपर्यंत तिला धावायला बंदी.

कोबाल्टचा क्षार पोटात गेला, की शरीराची फसगत होते. प्राणवायू कमी पडतोय असं समजून ते जास्त तांबड्या पेशी बनवायला लागतं. पेशी वाढल्या की दम वाढतो, आणि लांब पल्ल्याच्या धावपटूला दमापलीकडे काय हवं असतं? फुलासारख्या गुलाबी रंगाचा हा क्षार स्वस्त आहे, कुठंही मिळतो. पण हृदयाचा स्नायू तो हळूहळू सैल करतो, गळ्यातली थायरॉईड ग्रंथी सुजवतो आणि ऐकू येणं कमी करतो. पूर्वी रक्तक्षयावर डॉक्टर तो औषध म्हणून देत, आणि नंतर याच कारणांनी त्यांनी तो सोडला. सोडला डॉक्टरांनी, मैदानावरच्या लोकांनी नाही.

मी पुण्याच्या एका संशोधन संस्थेत रसायनशास्त्रज्ञ आहे. दोनच दिवसांत दादा, शालनवहिनी आणि जाई माझ्या दारात उभे राहिले. जाई आत आली ती चप्पल काढायच्या आधीच बोलली.

"आत्या, मी काहीही घेतलेलं नाही."

"इंजेक्शन?"

"बी-बाराचं. साताऱ्याच्या डॉक्टरांनी लिहून दिलेलं. समितीला आधीच कळवलंय."

मी खुर्चीत बसले. माळकऱ्यांचं घर, मांस-मासे वर्ज्य, त्यामुळे पोरीच्या अंगात ते जीवनसत्त्व कायमच कमी. आणि बी-बाराच्या प्रत्येक कणाच्या पोटात कोबाल्टचा एक अणू असतो. गरजेपेक्षा जास्त झालेलं बी-बारा शरीर लघवीवाटे टाकून देतं.

"मग त्यांच्या यंत्राला ते कळत न्हाई व्हय?" दादानं विचारलं.

"नाही कळत. ते यंत्र नमुना सूर्याच्या पृष्ठभागापेक्षाही जास्त तापवतं. तिथं सगळ्या रेणूंची राख होते आणि उरलेले अणू मोजले जातात. हा कोबाल्ट जीवनसत्त्वातला की बाटलीतला, हे राखेला कसं विचारणार?"

"तुझ्या यंत्राला इचारता येतंय?"

येत होतं. पण उत्तर द्यायच्या आधी मी त्यांना प्रयोगशाळेत घेऊन गेले, कारण हे नुसतं ऐकून पटण्यातलं नाही.

माझं यंत्र म्हणजे मुळात काचेची एक लांब नळी. तिचं आतलं छिद्र केसाहूनही बारीक. नळीत खारं द्रावण भरायचं, एका टोकाला नमुन्याचा सूक्ष्म थेंब सोडायचा आणि दोन टोकांमध्ये हजारो व्होल्टचा विद्युतदाब लावायचा. थेंबातले विद्युतभारित कण, म्हणजे आयन, पळत सुटतात. जो लहान आणि जास्त भारित तो पुढं, जो बोजड तो मागं. शेवटाला नळीला एक खिडकी असते. तिच्यावर एका बाजूनं प्रकाश पडतो आणि दुसऱ्या बाजूला डोळा बसवलेला असतो. समोरून कोण गेलं ते डोळा टिपतो.

अडचण अशी, की धातूंचे साधे आयन इतक्या विरळ प्रमाणात त्या डोळ्याला दिसतच नाहीत. पाण्यासारखे पारदर्शक असल्यागत निघून जातात. म्हणून त्यांना आधी रंग द्यावा लागतो. एखादा गडद रंगाचा रेणू आयनाला घट्ट जोडायचा, की तो अंगरखा घातल्यासारखा दिसायला लागतो. माझी उमेदीची वर्षं असे अंगरखे शिवण्यात गेली. सुरुवात केली होती विहिरींच्या पाण्यातले धातू शोधायला. मग लक्षात आलं, की कोबाल्टसाठी बनवलेला माझा रेणू एक गोष्ट फार सुंदर करतो. मोकळा कोबाल्ट दिसला की तो त्याला लगेच पकडतो. पण बी-बारातला कोबाल्ट चारी बाजूंनी नायट्रोजनच्या कड्यात बंद असतो. तिथं माझ्या रेणूचा हातच पोचत नाही. बी-बारा मुळातच लाल, त्यामुळे ते स्वतःच्याच रंगात खिडकीपुढून जातं. मोकळा कोबाल्ट माझा अंगरखा घालून वेगळ्या वेळी जातो. पडद्यावर दोन वेगळे उंचवटे उमटतात. राखेत जे मिसळून गेलेलं असतं, ते इथं वेगळं दिसतं.

"मग बघ की आत्ताच," दादा म्हणाला.

"मी हात लावणार नाही, दादा. आत्यानं भाचीचा नमुना तपासला तर जगात कोण विश्वास ठेवील? पद्धत मी प्रसिद्ध केलेली आहे. हैदराबादच्या एका प्रयोगशाळेत ती करतात. तिथले प्रमुख माझे टीकाकार आहेत; माझ्या लेखातल्या चुका काढण्यात त्यांची हयात चालली आहे. समितीकडं जाईची दुसरी सीलबंद बाटली आहे. ती त्यांच्याकडं पाठवा असा अर्ज करा."

मग मी जाईकडं वळले. "पण नीट ऐक. या पद्धतीला आपला-परका कळत नाही. तू काही घेतलं असशील तर राखेच्या यंत्रात थोडी तरी शंका राहते. इथं ती राहणार नाही."

जाई यंत्राच्या खिडकीकडं बघत होती. "मला शंका नकोच आहे," ती म्हणाली. "अर्ज कसा लिहायचा ते सांग."

तेव्हा ती एकवीस वर्षांची होती. त्या वाक्याची किंमत तिला पुढं कळली, आणि तरी तिनं ते मागं घेतलं नाही.

हैदराबादचा अहवाल आला तेव्हा दादाचा फोन माझ्याआधी वहिनीला, मग सरपंचांना आणि मग मला आला. बहुतेक सगळा कोबाल्ट बी-बारातला होता. मोकळ्या कोबाल्टचं प्रमाण कारवाईच्या मर्यादेखाली. जाई निर्दोष. आठवड्याभरात समितीची बैठक होऊन बंदी उठणार होती. दादा रडत होता, मागं गाडीचा हॉर्न वाजत होता.

अहवालाला आलेख जोडलेला होता. बी-बाराचा उंचवटा टेकडीसारखा, ठसठशीत. त्याच्या बराच अलीकडं, माझ्या अंगरख्याच्या जागी, एक लहान उंचवटा. कायद्याच्या मर्यादेखाली होता, हे खरं. पण धान्य-भाजीतून जेवढा मोकळा कोबाल्ट माणसाच्या अंगात येतो त्याच्या कितीतरी पट होता. हजारो विहिरींचे आणि शेकडो माणसांचे नमुने मी डोळ्यांखालून घातलेत. तो उंचवटा अन्नातून आलेला नव्हता.

मर्यादा ठरवताना समितीनं जागा सैल ठेवली होती, कारण निरपराध माणूस अडकू नये. ते योग्यच होतं. मी गप्प राहिले असते तर कुणालाही काही कळलं नसतं. मी फोन उचलला आणि खाली ठेवला. हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. सकाळची एसटी धरून मी वाडीला गेले.

जाई मैदानावर होती. माळावरचे दगड वेचून दिवटे सरांनी आणि गावकऱ्यांनी ते मैदान केलं होतं. सर तालुक्याच्या शाळेत शिकवायचे. नोकरी सोडून त्यांनी इथं मुलींचं शिबिर उभं केलं. जाई आठवीत असताना शाळेला चालत न जाता पळत जाते, हे पाहून त्यांनी तिला उचललं. माझ्या भावाच्या घरात देवाच्या शेजारी सरांचा फोटो आहे. सर त्या दिवशी तालुक्याला गेले होते, मुली वर्तुळात बसून पाय ताणत होत्या.

आम्ही दोघी बांधावर बसलो. मी आलेख दाखवला आणि तो लहान उंचवटा काय सांगतो ते सांगितलं.

जाईनं आलेख हातात घेऊन पाहिला. मग म्हणाली, "तुला वाटतंय मी खोटं बोलले?"

"नाही. तू घेतलेलं नाहीस यावर माझा विश्वास आहे. पण तुझ्या अंगात गेलेलं आहे. पाणी म्हणावं तर आपल्या भागातलं सगळं पाणी मी तपासलेलं आहे. दुसरं काय पोटात जातं तुझ्या, घरचं सोडून?"

तिचा चेहरा हळूहळू बदलत गेला. तिनं नाव घेतलं नाही. उठून शिबिराच्या खोलीत गेली आणि स्टीलच्या एका कॅनमधून छोटी बाटली भरून आणली. सर रोज सकाळी मुलींना काढा देत. बीट, गुळवेल, आवळा. लालभडक. बीटच्या रंगात थोडा गुलाबी मिसळला तर कुणाला कळणार?

"सगळ्याच पितात?" मी विचारलं.

"सगळ्याच. धाकट्या सोनलला दुप्पट देतात, ती अशक्त आहे म्हणून. आत्या, ती कालच म्हणत होती, कानात शिट्टी वाजतेय."

ती बाटली मात्र मी पुण्याला नेऊन स्वतः तपासली. तिच्यात कुणाचं रक्त नव्हतं आणि कुणाचं नातं नव्हतं. उंचवटा पडद्याच्या बाहेर गेला.

तिसऱ्या दिवशी मी वाडीला परतले तेव्हा जाईनं मला सोबत घेतलं आणि सरांपुढं उभी राहिली. मुली फेऱ्या मारत होत्या. सरांच्या हातात घड्याळ होतं.

"सर, काढ्यात काय घालता?"

सरांनी आधी माझ्याकडं पाहिलं, मग तिच्याकडं. मला वाटलं होतं नाकारतील. त्यांनी नाकारलं नाही.

"मापात घालतो," ते म्हणाले. "बाहेर सगळे घेतात, पोरी. त्यांच्या मागं डॉक्टर असतात, उंच डोंगरावरची शिबिरं असतात. आपल्याकडं हा माळ आहे. तू सात-आठ वर्षं राबलीस, ते मी डोळ्यांनी बघितलंय. तेवढ्यासाठी तू मागं पडावीस?"

"मला विचारलं असतंत तर?"

"तू नाही म्हणाली असतीस."

"मग माझ्या वतीनं हो कसं म्हणालात?"

सरांनी घड्याळ बंद केलं. "समिती तुला सोडणार आहे. काढा मी आजपासून बंद करतो. तू बोललीस तर हे शिबिर संपेल. या पोरी परत घरी जातील. दोघींची तर लग्नं ठरवायलाच बसलेत घरचे. विचार कर."

मी सरांना खलनायक म्हणून रंगवू शकत नाही. त्या मुलींची लग्नं खरोखरच त्यांनी अडवून धरली होती. जाईनं त्यांच्या पायाला हात लावला, जसा रोज लावायची, आणि घराकडं चालायला लागली. ओढ्याजवळ ती थांबली, तोंडावर पाणी मारलं आणि पुन्हा चालू लागली.

घरी दादानं सगळं ऐकलं आणि माझ्यावर उसळला.

"सुले, पोरगी सुटली हुती. निर्दोष म्हणून कागद आला हुता. तुला त्यो उंचवटा उकरायची काय गरज पडली? सरांनी हिला घडवली. तूच लेकीचा घात करतीयास."

"आप्पा, आत्याला बोलू नका," जाई म्हणाली. "उंचवटा तिचा नाही. माझा आहे."

"तुला काय कळतंय? पदक जाईल. आशियाई जाईल. गाव थुंकंल तोंडावर. म्हणतील, घेतलं हुतं म्हणूनच जिंकली."

शालनवहिनी इतका वेळ चुलीपुढं बसून ऐकत होती. ती गावच्या अंगणवाडीत सेविका आहे. गावातलं प्रत्येक लेकरू तिनं तराजूत घालून वजन केलेलं. तिनं तवा उतरवला.

"त्या सोनलचं वजन मी जन्मल्यापास्नं करतीय," ती म्हणाली. "तिची आई मला रोज भेटती. उद्या पोरीच्या काळजाला काय झालं, तर मी तिच्या दारातनं कशी जाऊ? पदकाचं काय त्ये तुमचं तुम्ही बघा. पोरींचं मला बघाया लागंल."

दादा बाहेर जाऊन ओट्यावर बसला. जेवायलाही आत आला नाही.

समितीची बैठक पुण्यात होती. जाईला फक्त उभं राहून निकाल ऐकायचा होता. अध्यक्ष म्हणून निवृत्त न्यायाधीश बाई होत्या. त्यांनी निकाल वाचला, अभिनंदन केलं आणि कागद मिटले.

"मला बोलायचं आहे," जाई म्हणाली.

तिनं काढ्याची गोष्ट सांगितली, माझा तपासणी-अहवाल पुढं ठेवला, आणि शिबिरातल्या सगळ्या मुलींची हृदयतपासणी ताबडतोब व्हावी अशी मागणी केली. सरांबद्दल एकही वाईट शब्द बोलली नाही. जे झालं तेवढंच सांगितलं. शेवटी तिनं पिशवीतून पदक काढून टेबलावर ठेवलं.

बाईंनी मिटलेले कागद पुन्हा उघडले. "मुली, नियमाप्रमाणं तू निर्दोष आहेस. तुला न कळता दिलेलं आहे आणि प्रमाण मर्यादेखाली आहे. हे पदक परत करायची तुझ्यावर सक्ती नाही."

"माहीत आहे," जाई म्हणाली. "मी ते घेतलं नव्हतं, पण शर्यतीत ते माझ्याबरोबर धावलं. दुसरी आलेली रोहिणी भोये एकटी धावली."

मी भिंतीकडच्या खुर्चीत बसले होते. परिषदांमध्ये माझ्या शोधनिबंधांसाठी टाळ्या मिळालेल्या आहेत. त्या दिवशी तिथं कुणीही टाळी वाजवली नाही, आणि मला इतका अभिमान माझ्या कुठल्याही कामाचा कधी वाटला नव्हता.

बाहेर पडलो तेव्हा दादा फाटकापाशी उभा होता. त्यानं सांगितलं नव्हतं, पण तो आला होता आणि दाराआडून सगळं ऐकलं होतं. मला म्हणाला, "साताऱ्याला हृदयाचा चांगला डॉक्टर कोण हाय, इचारून ठेव."

पुढचे दिवस कठीण गेले. दादानं रजा टाकली. शिबिरातल्या प्रत्येक मुलीच्या घरी तो स्वतः गेला, आईबापांना समजावलं, दोन ठिकाणी शिव्या खाल्ल्या. मग शेजारची जीप मागून सगळ्यांना साताऱ्याला घेऊन गेला. सोनलचं हृदय थोडं फुगलेलं निघालं. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आणलीत. आता काढा बंद झालाय, हृदय पूर्वपदावर येईल. आणि ते आलं. कानातली शिट्टी जायला जास्त वेळ लागला. दिवटे सरांनी समितीपुढं सगळं कबूल केलं. त्यांच्यावर कायमची बंदी आली. काही दिवसांनी ते गाव सोडून गेले. दादानं त्यांचा फोटो देवाशेजारून काढला, पण फेकला नाही. कापडात गुंडाळून ट्रंकेत ठेवला. त्याबद्दल आम्ही कुणी काही विचारलेलं नाही.

पदकाबरोबर जाईची आशियाई स्पर्धाही गेली. गावात काहीजण बोलायचे बंद झाले. ज्या दोघींची लग्नं ठरत होती, त्यातल्या एकीचं झालंच. दुसरीचं जाईनं होऊ दिलं नाही. रोज सकाळी ती मैदानावर सगळ्या मुलींना घेऊन जायला लागली, हातात सरांचं जुनं वेळापत्रक, आणि पाजायला साधं पाणी.

समितीनं राखेचं यंत्र बंद करून माझी पद्धत स्वीकारली. आता तळहातावर मावेल एवढं यंत्र प्रत्येक मोठ्या मैदानावर असतं. शर्यत संपायचा अवकाश, दोन्ही कोबाल्ट वेगवेगळे दिसतात. पहिल्याच वर्षात बी-बारा घेणारे कितीतरी खेळाडू संशयातून सुटले. आणि मर्यादेखालचे लहान उंचवटे पाहून आपल्याच प्रशिक्षकाला प्रश्न विचारायला लागलेली मुलंही निघाली. मला देशभरातून फोन येतात. काहीजण शिव्याही देतात.

एक फोन मात्र जाईला आला होता, सुरगाण्याहून. रोहिणी भोयेचा.

"सुवर्णपदक पोचलं," ती म्हणाली. "पण तुझी-माझी शर्यत झालीच नाही ना. आमच्याकडं डोंगर आहे. पावसाळा संपला की ये. बरोबर धावू."

मैदानाचं वेळापत्रक थोरल्या मुलींकडं देऊन जाई गेली. दोघी सबंध हिवाळा एकत्र धावल्या. सुरुवातीला जाई चढावर पार मागं पडायची. उसना दम गेला होता आणि तिचा स्वतःचा दम किती, हे तिलाही माहीत नव्हतं. तो तिनं पायरी-पायरीनं शोधला. फोनवर कधी कधी म्हणायची, "आज चढावर थांबले नाही, आत्या."

पुढची राष्ट्रीय स्पर्धा पुण्यात, बालेवाडीला झाली. आम्ही सगळे गेलो. दादानं इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. दहा हजार मीटरच्या शेवटच्या फेरीला घोळक्यातून दोघी सुटून पुढं आल्या, रोहिणी आणि जाई. शेवटच्या वळणाला जाई बरोबरीला आली. सरळ पट्ट्यावर रोहिणी पुन्हा पुढं गेली आणि एका हाताच्या अंतरानं जिंकली. रेषेपलीकडं दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून खाली बसल्या.

दादाच्या शेजारी पंजाबातून आलेले कुणी गृहस्थ बसले होते. त्यांनी हिंदीत विचारलं, "ती जिंकली ती मुलगी कोण?"

"ती रोहिणी, सुरगाण्याची," दादा म्हणाला. मग तो उभा राहिला, सदरा खाली ओढून सारखा केला आणि मैदानाकडं बोट दाखवून, सगळ्या स्टँडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अन् दुसरी आली ना, ती माझी लेक हाय."